रिकाम्या टाकीचे शहात्तर दिवस

खाऱ्या पाण्यातले मासे सांभाळणाऱ्यांत मास्तरांचा दरारा मोठा. मास्तर काही शाळेतले नव्हेत; आयुष्यात त्यांनी कुणाला साधा बेचा पाढा शिकवला नव्हता. पण समोर माणूस दिसला की त्याला चार गोष्टी सुनावल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे, म्हणून धंद्यातल्याच लोकांनी हे नाव चिकटवलं, आणि ते त्यांना आवडतही असे. वय बासष्ट. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मुक्काम लेकीकडे. "घरजावई सगळ्यांनी पाहिलाय, घरसासरा बघून घ्या," असं ते स्वतःच म्हणत आणि स्वतःच हसत. जावई त्यांच्याच हाताखाली काम करायचा. लोकांच्या घरातल्या, हॉटेलांतल्या, दवाखान्यांतल्या काचेच्या टाक्या धुवायच्या, पाणी बदलायचं, मासे जगवायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुने लोक सांगून गेले. या घरात तो ग्रह सासऱ्याने पटकावला होता.

जावई बोलायला कमी. मास्तर त्याला कायम 'जावईबापू' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत, शिव्या घालतानासुद्धा. त्यामुळे शिव्या जरा जास्तच लागत.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत भिंतभर लांब टाकी होती. आत प्रवाळ, खडक, शंखातल्या गोगलगायी, दोन कोळंबी आणि सात मासे. सुजलेला गाल धरून बसलेली माणसं त्या टाकीकडे बघत आपला नंबर विसरायची. सातांत एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची, तळहाताएवढी मादी होती. तिला सगळे थोरली म्हणत. बाईंनी दवाखाना उघडला त्या वर्षी ती आली होती. दवाखाना आता सोळा वर्षांचा झाला होता. तिचा नर तिच्या निम्मा, आणि दिवसभर तिच्या मागे मागे. बायकोच्या शब्दाबाहेर नसलेल्या पेशंटांना तो फार आवडे.

एके दिवशी काउंटरवरच्या मुलीने फोन केला. मासे खडकावर अंग घासतायत, म्हणाली. मास्तर गेले तोवर सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले होते. दहा दिवसांत पाच मासे गेले. थोरली आणि तिचा नवरा तेवढे उरले. त्यांना आतल्या सामानाच्या खोलीत प्लास्टिकच्या मोठ्या टबात हलवलं, औषध घातलं, आणि मास्तरांनी जाहीर केलं, "आता टाकी शहात्तर दिवस रिकामी. एकही मासा नाही."

"शहात्तर?" बाई म्हणाल्या. "टाकी धुऊन नाही चालणार?"

झालं. मास्तरांना एवढंच हवं होतं. बसायच्या खोलीतल्या झाडून सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा बेताने ते सुरू झाले. "बाई, हा किडा माशाच्या अंगावर जेवतो. पोट भरलं की गळून खाली पडतो आणि खडकाला चिकटून कोषात झोपतो. त्या एका कोषातून शेकडो पिल्लं निघतात आणि मासा हुडकत हिंडतात. दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर उपाशी मरतात. पण सगळे कोष एकदम उठत नाहीत. काही आमच्या मेहुण्यासारखे असतात, दोन दोन महिने अंथरूण सोडत नाहीत. शेवटचा आळशी उठून, हिंडून, उपाशी मरेपर्यंत थांबायचं. म्हणून शहात्तर. पंचाहत्तर नाही. आणि या दिवसांत दुसऱ्या टाकीतला एक ओला थेंब जरी आत गेला, तर मोजणी पुन्हा एकपासून."

आता हा रोग आला कुठून, याचा निवाडाही मास्तरांनीच केला. सोमवारी त्यांचं काम एका हॉटेलात असे आणि मंगळवारी या दवाखान्यात. हॉटेलातल्या माशांवरही ठिपके सापडले. मग हॉटेलातून दवाखान्यात काय आलं? जाळी. मासे धरायची ती जाळी कोण हाताळतं? जावई.

"मी जाळी वाळवली होती, बाबा. उन्हात."

"वाळवली की नुसती हलवली?" मास्तर म्हणाले, आणि काउंटरवरची मुलगी हसली. "ओलं हे विष आहे, जावईबापू. किती वेळा सांगायचं? पाच जीव गेले तुमच्या एका जाळीपायी."

बाईंनी जावयाकडे पाहिलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. त्या दिवसापासून त्याला टाकीला हात लावायची बंदी झाली. त्याने पाण्याचे कॅन उचलून आणायचे आणि आतल्या टबातले दोन मासे सांभाळायचे, बस्स. घरी जेवताना हा विषय रोज निघे. मास्तर काढत. लेक ताटात वाढता वाढता एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा बापाकडे, आणि म्हणे, "बाबा, भात घ्या." जावई रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जाऊन टबातलं निम्मं पाणी बदलायचा, नवं पाणी तेवढंच खारट, तेवढंच कोमट करून घालायचा. थोरलीने औषधाच्या पाण्यात चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. त्याने चिमटीत धरून, तासतासभर हात पाण्यात ठेवून तिला खायला लावलं. हे मास्तरांना माहीत होतं. पण चूक केलीय तर निस्तरेलच, असं ते धरून चालले होते.

आता मास्तरांच्या नळीबद्दल सांगायला हवं. पाण्याचा खारेपणा बघायला लोक आजकाल नाना यंत्रं वापरतात. मास्तरांकडे त्यांच्या उस्तादांनी दिलेली काचेची नळी होती. ती पाण्यात सोडली की उभी तरंगायची, आणि किती बुडाली यावरून मीठ कळायचं. तिच्यावर मिठाचा कण जरी वाळून बसला तरी वजन चुकतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून उस्तादांची शिकवण होती: नळी कधी कोरडी पडू द्यायची नाही. मास्तर ती ओल्या फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवत. चाळीस वर्षं. प्रत्येक टाकीत ती आपल्या हाताने सोडत, आकडा मोठ्याने वाचत, आणि पुन्हा त्याच ओल्या फडक्यात गुंडाळत. बादल्या, जाळ्या, पाइप, हात, बाह्या, सगळं वाळवल्याशिवाय दुसऱ्या टाकीजवळ जायचं नाही हा नियम त्यांचाच. त्या नियमातून नळी कशी सुटली, हे विचारू नका. दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याला दिसत नाही.

एकोणसत्तराव्या दिवशी, मंगळवारी, मास्तर टाकीचं काम आटोपून हात पुसत उभे होते. रिकाम्या टाकीतला आकडा त्यांनी नुकताच वाचला होता. बाईंची मदतनीस दोन पेशंटांच्या मध्ये अवजारं उकळायच्या यंत्रात भरत होती. चिमटे, सुया, आणि लांब दांडीचे ते छोटे गोल आरसे.

"आरसेसुद्धा उकळता?" मास्तर म्हणाले. शिकवायची संधी दिसली होती. "आरशाने कुठे काय कापता? तो तर नुसता बघायला."

"बघायला असला म्हणून काय झालं?" ती मान वर न करता म्हणाली. "ह्याच्या तोंडातून त्याच्या तोंडात जातोच ना?"

मास्तर हसायला गेले आणि त्यांचं हसू तिथेच थिजलं. हात आपोआप खिशातल्या डबीवर गेला. डबी गार होती. काल हॉटेलात. आज इथे. गेल्या सोमवारी हॉटेलात, गेल्या मंगळवारी इथे. जाळी उन्हात वाळत होती आणि नळी ओल्या फडक्यात बसून दर मंगळवारी येत होती, त्यांच्याच खिशातून, त्यांच्याच हाताने. पाच मासे त्यांनी मारले होते. आणि त्यानंतरच्या दर मंगळवारी रिकाम्या टाकीत नळी सोडून त्यांनी मोजणी मोडली होती. एकोणसत्तर दिवस झाले असं सगळं जग समजत होतं. खरं म्हणजे एकही दिवस झाला नव्हता.

ते खुर्चीवर बसले. शेजारच्या पेशंटबाईने विचारलं, "खूप दुखतंय का हो?"

लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारे कोरडे पाषाण असतात. मास्तर निदान कोरडे तरी असते तर बरं झालं असतं. कानशिलं तापली होती. डोळ्यांसमोर सारखी जावयाची ती खाली घातलेली मान येत होती.

बाई बाहेर आल्या तेव्हा मास्तर उठून म्हणाले, "बाई, मी म्हणतो, अजून थोडे दिवस थांबूया. शहात्तरवर जरा... महिना दोन महिने."

"का? तुम्हीच तर म्हणालात, शहात्तर म्हणजे शहात्तर."

"सावधगिरी म्हणून."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. तुमच्या जावयाने पुन्हा हात घातला का टाकीत?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वाकून पाइपची गुंडाळी करायला लागले. गुंडाळी आधीच झालेली होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा केली.

"समजलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सासरे, तुमच्या तोंडून कसं निघणार? उद्यापासून त्याला आत येऊ देऊ नका. टबाचं पाणी आमची मदतनीस बदलेल."

मास्तर मूग गिळून बाहेर पडले. बाहेर गाडीत जावई रिकामे कॅन रचत होता. "झालं का, बाबा?" त्याने विचारलं. "झालं," मास्तर म्हणाले. मग गाडी सुरू झाल्यावर, समोर बघत, त्यांनी सांगितलं, "उद्यापासून टबाकडे जाऊ नका. बाईंनी सांगितलंय."

"का?"

"त्यांची मर्जी."

"थोरलीला हातातून खायची सवय आहे," जावई म्हणाला. "त्यांना सांगा." मास्तरांनी सांगितलं नाही. सांगायला पुन्हा बाईंच्या डोळ्यांसमोर जावं लागलं असतं.

तो आठवडा मास्तरांनी कसा काढला हे त्यांनाच ठाऊक. पहिली गोष्ट त्यांनी केली ती नळी धुतली, फडकं कचऱ्यात टाकलं. चोराने चोरी करून झाल्यावर कुलूप आणावं, तसलं काम. जेवताना ते जाळीचा विषय काढेनात. लेकीने दोनदा विचारलं, "बरं नाही का?" बरं आहे म्हणाले. रोज सकाळी दवाखान्यात जायच्या वेळेला जावई सवयीने उठून बसायचा, चपला घालायचा, आणि मग आठवून पुन्हा काढायचा. मास्तर पांघरुणातून हे बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. दर दिवशी ते ठरवत, आज सांगायचं. मग दुसरं मन म्हणे, कदाचित नळीतून काही गेलंही नसेल. चाळीस वर्षांचं नाव एका 'कदाचित'साठी कशाला घालवायचं? लाज माणसाला शहाणी करते म्हणतात. मास्तरांना तिने आधी लबाड केलं.

शहात्तरावा दिवस मंगळवारच होता. जावयाने कॅन दारापर्यंत आणून ठेवले आणि तो पायरीवर थांबला. मास्तर आत गेले तर बाई सामानाच्या खोलीतच उभ्या होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या.

थोरली टबाच्या तळाशी एका कुशीवर कलली होती. श्वास भराभर चालला होता. नवरा तिच्याभोवती वेड्यासारखा फिरत होता. मदतनीस रडवेली झाली होती. तिने पाणी रोज बदललं होतं, पण अंदाजाने. कधी गार, कधी जास्त खारट. सहा दिवसांत थोरलीने काही खाल्लं नव्हतं.

"इथे ती जगत नाही," बाई म्हणाल्या. "आजच शहात्तर झाले. महिना दोन महिने थांबायचं मला नाही जमणार. आत्ताच्या आत्ता टाकीत सोडा तिला."

टाकी बाहेर लखलखत होती. खडकांवर, डोळ्यांना न दिसणारे, ते आळशी कोष झोपलेले असणार. अशा अशक्त माशाला ते दोन दिवसांत संपवतील, हे मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि टबात ठेवून तिला वाचवू शकणारा एकच माणूस बाहेर पायरीवर उभा होता, आत यायची बंदी असलेला.

मास्तर बसायच्या खोलीत आले आणि दाराकडे बघून म्हणाले, "जावईबापू, आत या."

जावई दारातच घोटाळला. "या म्हणतो ना!"

मग चार पेशंट, काउंटरवरची मुलगी, मदतनीस आणि बाई यांच्यासमोर मास्तरांनी खिशातून डबी काढली. "टाकीत मासे सोडायचे नाहीत," ते म्हणाले. "रोग जाळीतून आला नाही. या नळीतून आला. मी ती ओली ठेवतो. हॉटेलातला ओलावा मी इथे आणला. त्यानंतर टाकी रिकामी असतानाही मी दर मंगळवारी ती आत सोडली. ओलाव्यात कोष टिकतो. त्यामुळे मोजणी मोडली. एकदा नाही, दर आठवड्याला." आवाज त्यांचा नेहमीसारखाच होता, शिकवायचा. दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता.

बाईंनी टाकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न येईल असं मास्तरांना वाटलंच नव्हतं. "मागच्या मंगळवारी."

"मी जावयाबद्दल विचारलं, त्याच्या आधी की नंतर?"

मास्तर डबीकडे बघत म्हणाले, "आधी."

जावयाने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने मास्तरांकडे सरळ पाहिलं. मास्तरांना ती नजर झेपली नाही.

"बाई," जावई म्हणाला, "एकपासून नाही मोजावं लागणार. नळीचं मला दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. दर मंगळवारी निघायच्या आधी बाबा आंघोळीला गेले की आम्ही फडकं उकळून घ्यायचो. नळी धुऊन, कोरडी पुसून, मग फडकं स्वच्छ पाण्यात भिजवून परत गुंडाळायचो. मी आणि बायको, दोघं. फक्त एकेचाळिसाव्या दिवशी हॉटेलातला पंप बंद पडला म्हणून बाबा आधी तिकडे गेले आणि तिथून परस्पर इथे आले. त्या दिवशी काही करता आलं नाही. म्हणजे आज पस्तीस झाले. अजून एकेचाळीस."

"मग आज मी मासे सोडायला निघाले होते, ते?" बाईंनी विचारलं.

"आज काहीतरी सबब काढणार होतो. म्हणणार होतो, माझा हात लागला पाण्याला. माझं नाव आधीच खराब होतं."

एवढं बोलून तो आत गेला. बाह्या वर केल्या, टबात बोट बुडवलं, मदतनिसाला गरम पाणी आणायला सांगितलं. त्याला आता कुणी अडवलं नाही. तासाभराने थोरली कुशीवरून उठली आणि त्याच्या बोटांशी येऊन थांबली. खाल्लं नाही, पण थांबली. बाईंनी टाकीचं आणि टबाचं पुढचं सगळं जावयालाच विचारलं. मास्तर पेशंटांच्या रांगेत खुर्चीवर बसून होते. आज त्यांना कुणी दुखतंय का म्हणून विचारलं नाही.

दुपारी घरी आले. जावई बाहेर नळावर बादल्या घासायला बसला. लेकीने मास्तरांचं ताट वाढलं. मास्तरांनी घास घेतला नाही.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"रोज जेवताना मी त्यांना बोलत होतो. तू ऐकत होतीस. सांगितलं का नाहीस मला?"

"मी सांगणारच होते. पहिल्याच दिवशी. हे म्हणाले, नको. बाबांकडे आता ते एवढंच उरलंय, म्हणाले. लोक मास्तर म्हणतात ते."

मास्तरांना वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. दोन महिने या ताटावर बसून ते ज्याला अक्कल शिकवत होते, तो त्यांचं फडकं उकळून येऊन समोर गुपचूप जेवत होता.

"आज सगळ्यांसमोर सांगितलं मी," ते म्हणाले. "नळीचं, कोषांचं, मोजणीचं. काही लपवलं नाही."

"माफी मागितलीत?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. रोग कसा आला ते त्यांनी सांगितलं होतं. ओलाव्यात कोष कसा टिकतो ते सांगितलं होतं. धडा पूर्ण झाला होता. माफी त्यात कुठेच नव्हती.

ते ताटावरून उठले. नळावर जावई उकिडवा बसून ब्रश चालवत होता. मास्तर त्याच्यामागे उभे राहिले. बासष्ट वर्षांत 'माफ करा' हे दोन शब्द त्यांनी धाकट्या माणसापुढे कधी उच्चारले नव्हते.

"जावईबापू," ते म्हणाले. "चुकलं माझं. मला माफ करा."

ब्रश थांबला. आता हा 'असू द्या, बाबा' म्हणेल, अशी मास्तरांनी वाट पाहिली. तो गरीब स्वभावाचा, म्हणेलच. पण तो तसं म्हणाला नाही.

"नळीचं काही नाही, बाबा," तो पाठमोराच म्हणाला. "ती चूक होती. उस्तादांनी सांगितलं, तुम्ही केलं. कुणीही केलं असतं. जाळीचं ऐकून घेतलं, तेही मी माझ्या मर्जीने ऐकलं. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं." त्याने ब्रश खाली ठेवला. "पण मागच्या मंगळवारी तुम्हाला माहीत होतं. बाईंनी विचारलं, आणि तुम्ही गप्प बसलात. मी बाहेर गाडीत तुमचीच वाट बघत होतो."

"हो," मास्तर म्हणाले.

"ते मला फार लागलं."

"हो."

जावयाने बादली उपडी करून बाजूला ठेवली आणि दुसरी ओढली. मास्तर तिथेच उभे राहिले. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. सासरा म्हणून परत ताटावर जाऊन बसायचं त्यांना धाडस होईना, आणि तिथून हलावं असंही वाटेना.